उंदराला पैसा कळत नाही, मग त्याच्या व्यसनाची ‘किंमत’ कशी मोजतात?

किंमत म्हणजे कष्ट. खटका दाबला की उंदराच्या शिरेत कोकेनचा डोस जातो. मग एका डोससाठी ३, १०, ३० असे दाब वाढवत नेतात. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध महागलं तर कोणी अर्धाच पेला घेईल, कोणी भाव न विचारता पूर्ण पिईल. उंदरांतही तेच दिसतं. किंमत वाढूनही मागणी न हटणं, म्हणजेच कमी लवचीकता, हे मोजायचं समीकरण हर्श आणि सिल्बरबर्ग या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलं. २०१४ मध्ये बेंट्झली आणि सहकाऱ्यांना आढळलं की असेच हट्टी उंदीर कोकेन बंद झाल्यावर पुन्हा जास्त जोरात त्याच्याकडे वळतात. डोससोबत लागणारा जुना दिवा पेटला तरी पुरतं. (सिगारेट सोडलेला माझा मित्र रंकाळ्यावरची ओळखीची टपरी दिसली की अजूनही रस्ता बदलतो. त्याला कमकुवत म्हणू नका.)

मला मात्र पर्यायाचे प्रयोग सर्वांत मोलाचे वाटतात. २००७ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत कोकेन आणि सॅकरिनचं गोड पाणी समोर ठेवलं, तर बहुतेक उंदरांनी गोड पाणी निवडलं. २०१८ च्या प्रयोगांत दुसऱ्या उंदराची सोबत मिळत असेल तर त्यांनी हेरॉइनही सोडलं.