तुझं पाखरमांजर आजीच्या गावाला गेलं तर

प्रिय मनू,

काल झोपताना तू विचारलंस, "माझं पाखरमांजर आजीच्या गावाला गेलं तर तिथली माणसं त्याला मारतील का? मराठी लोक असल्या प्राण्यांचं काय करतात?" मी तेव्हा नुसतं "नाही गं, झोप आता" म्हटलं. पण या प्रश्नाला खरं उत्तर आहे आणि ते इथे टोरांटोत तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

तुझं चित्र समोर घेऊनच बसलेय. मांजराचं तोंड, घारीचे पंख, चार पंजे, शेपटीला पिसं. रात्री शिकार करतं आणि पिल्लाला मानेला धरून उडतं. पिल्लाची मान धरायची जागा तू अगदी बरोबर काढली आहेस.

असा प्राणी सुचलेली तू पहिली नाहीस. आपल्याकडे शरभ आहे: अंग सिंहाचं, पंख पक्ष्याचे, आणि पाय चक्क आठ. हिरण्यकशिपूला मारल्यावरही नरसिंहाचा राग शमेना, तेव्हा शंकराने शरभाचं रूप घेऊन त्याला आवरलं, अशी शैव पुराणांतली गोष्ट आहे. विष्णूच्या भक्तांनी मग शरभालाही भारी पडेल असा गंडभेरुंड सांगितला, दोन डोक्यांचा पक्षी. मुरुडजवळच्या जंजिऱ्याच्या दरवाजाशी दगडात कोरलेलं एक जनावर आहे, वाघासारखं, आणि त्याने पंज्यांत हत्ती धरून ठेवलेत. पाथरवटाने हत्ती मुद्दाम पंज्यात मावतील एवढेच केले आहेत.

त्याहून कितीतरी जुनी चित्रं राजापूरकडच्या सड्यांवर आहेत. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्याचं उघडं पठार. तिथे हजारो वर्षांपूर्वी माणसांनी जमिनीतच चित्रं खोदली, त्यांना कातळशिल्पं म्हणतात. बारसूला एक माणूस आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाघ झेपावलेत. कशेळीला भलामोठा हत्ती आहे आणि त्याच्या रेषेच्या आत मासे, पक्षी, जनावरं भरली आहेत. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. ती कोणी आणि का खोदली ते खोदणाऱ्यांबरोबरच गेलं. पण तुझी वही त्यांना दाखवली असती तर त्यांना जराही नवल वाटलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुझ्या प्राण्याबद्दल एक गोष्ट सुचवते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना हात, पाय, पंख सगळे मिळून जास्तीत जास्त चारच मिळतात. पक्ष्यांचे पुढचे दोन पाय म्हणजेच पंख. शरभ देवाचं रूप, त्याला आठ पाय चालतात. तुझं जनावर रानात राहणार, त्यामुळे पुढच्या पंजांचे पंख होऊ देत आणि मागचे दोन पंजे ठेव. वजनही हलकं हवं. आपल्या सह्याद्रीत वाघाटी नावाचं रानमांजर आहे, जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, दीड किलोच्या आसपास. आपल्या किनाऱ्यावरचा समुद्र गरुड त्याहून जड असूनही आरामात उडतो. म्हणून तू वाघाटीचंच अंग घे. पंख मात्र घारीचे नकोत, घुबडाचे घे. घुबडाच्या पंखांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, त्यांनी हवा चिरत जाते आणि फडफड ऐकू येत नाही. मांजर पावलांच्या गाद्यांवर चालतं, घुबड आवाज न करता उडतं. दोघांची शिकारीची रीत एकच आहे, म्हणून तुझी जोडी मला पटली.

आता मारतील का ते सांगते.

गावाकडे ज्याची भीती वाटते त्याला आधी एक जागा देतात. पालघरकडचे वारली वाघोबाला पुजतात: दगडावर किंवा लाकडावर वाघ, वर सूर्य-चंद्र, आणि वाघबारशीला नैवेद्य. रत्नागिरी-रायगडात वाघजाईची देवळं आहेत. आपल्या सिंधुदुर्गात सातेरी देवी वारुळाच्या रूपात असते, नाग राहतो त्याच वारुळाच्या. आणि देवराईतलं, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानातलं, लाकूड सहसा कोणी तोडत नाही, तिथे तुझ्या पाखरमांजराला ढोलीही मिळेल.

पण सगळं गोड सांगणार नाही. घुबड कौलावर बसलं की अपशकुन म्हणून हाकलणारी माणसं आहेत, तुझ्या जनावराच्या आवाजालाही ती घाबरतील. डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासकीत बिबटे अडकतात आणि तडफडून मरतात. एकीकडे वाघोबाला नारळ आणि दुसरीकडे रानात फासकी, याचा मला फार राग येतो. तुझं जनावर जमिनीवर कमी उतरेल असं कर.

गावात काही नवं सुरू करायचं, पेरणी असो, जत्रा असो की नाटक, तर आधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक मानकरी मोठ्याने बोलतो आणि बाकीचे सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. तुझ्या प्राण्यासाठी मी मालवणीत एक रचलंय (चेडू म्हणजे मुलगी):

बा देवा रवळनाथा!
व्हय म्हाराजा!
माझ्या चेडवान तुझ्या रानात एक नवीन जनावर सोडल्यान हा.
व्हय म्हाराजा!
त्येका पोटापुरते उंदीर-घुशी मिळूंदेत.
व्हय म्हाराजा!
आमच्या कोंब्यांर त्येची नजर पडूक देव नको.
व्हय म्हाराजा!
कोणी त्येच्यासाठी फासकी लावीत तर त्येका चांगली बुद्धी दी.
व्हय म्हाराजा!

नीट बघ, यात जनावराला घालवून दे असं कुठेच नाही. त्याचं पोट भरू दे, आमच्या कोंबड्या राहू देत, आणि माणसाला अक्कल दे, एवढंच मागणं आहे. तू विचारलंस त्याचं माझं उत्तर हेच.

रविवारी आजीचा फोन येईल तेव्हा तू गाऱ्हाणं म्हण, "व्हय म्हाराजा" आजी म्हणेल. तोवर दोन पंजांचं नवीन चित्र काढून ठेव. आणि तिला विचार की परसातल्या फणसावर त्याला बसू देईल का, कारण तिची खुराडी त्याच फणसाखाली आहे.

तुझी,
आई