लॉ कॉलेजात ‘उत्कृष्ट शिक्षक’ निवडायचा कसा?

प्रश्न : आमच्या लॉ कॉलेजात यंदापासून ‘उत्कृष्ट शिक्षक’ पुरस्कार सुरू होतोय. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी समितीत आहे. बाकीचे म्हणतात, गूगल फॉर्म फिरवा आणि जास्त मतं मिळतील त्यांना देऊन टाका. पण कायदा चांगला शिकवलाय हे ओळखायचं तरी कशावरून?

उत्तर :

गूगल फॉर्म फिरवलात तर निकाल मी आत्ताच सांगतो. इंटर्नलला सढळ हाताने मार्क देणारे, हजेरीकडे डोळेझाक करणारे आणि परीक्षेच्या आठवड्यात ‘एवढे दहा प्रश्न करून जा’ म्हणत झेरॉक्स वाटणारे सर पहिले येतील. त्यांच्या खालोखाल किस्से रंगवून सांगणारे. खरोखर शिकवणारं कुणी वर आलंच तर ते योगायोगाने.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि सकाळच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर पुरावा कायदा शिकवतो. तेव्हा मी तटस्थ आहे असं समजू नका. पण एक फायदा आहे. वर्गातली मुलं मला दिसतात आणि तीच मुलं सनद घेऊन कोर्टात उभी राहिली की त्यांचं काय होतं तेही दिसतं. दोन्हींत पुष्कळदा ताळमेळ नसतो. विद्यापीठात वरचा क्रमांक काढलेला मुलगा साध्या मुदतीच्या अर्जाला सीनियरकडे नमुना मागतो, आणि केटी घेऊन कसाबसा पास झालेली मुलगी पहिल्याच महिन्यात दोषारोपपत्र वाचून ‘सर, यात जप्तीची वेळ आणि पंचनाम्याची वेळ जुळत नाही’ म्हणते. अशा वेळी मी न चुकता विचारतो, तुला क्रिमिनल कुणी शिकवलं?

माझी कसोटी या प्रश्नातून आली आहे. वर्ष संपल्यावर मुलाच्या हातात नुसता बेअर ॲक्ट (टीका-टिपणी नसलेला कायद्याचा मूळ मजकूर) आणि पूर्वी कधी न पाहिलेली फिर्याद द्या. कुठून सुरुवात करायची हे त्याला सुचलं, तर त्याला कुणीतरी शिकवलंय. सुचलं नाही, तर शिकवणाऱ्याचं वक्तृत्व कितीही गाजलेलं असो, मी त्यांना मत देणार नाही.

हे वर्गात कसं दिसतं ते सांगतो. आमच्याकडच्या एक मॅडम जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७ शिकवत होत्या, त्या तासाला मी मागे बसलो होतो. (नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ च्या परंतुकात गेलंय.) विषय हा : पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट सापडली तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला तेवढा भाग चालतो. बहुतेक ठिकाणी हे ‘कलम २७ हे कलम २५ व २६ यांना अपवाद आहे’ या वाक्याने सुरू होतं आणि तिथेच संपतं. मुलं लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात, मार्कही मिळतात.

मॅडमनी काहीच लिहून दिलं नाही. प्रत्येक बाकावर निवेदन पंचनाम्याचा एक कागद ठेवला. नावं बनावट, पण मजकूर पोलीस स्टेशनात असतो तसाच : ‘ज्या चाकूने मी पांडूला भोसकले तो चाकू मी माझ्या राहत्या घराच्या छपरात लपवून ठेवला आहे, तो मी काढून देतो.’ म्हणाल्या, पेन घ्या आणि न्यायाधीशांना जे वाचता येणार नाही ते खोडा. निम्म्या मुलांनी सगळंच खोडलं, कबुली ती कबुली म्हणून. काहींनी एक शब्दही खोडला नाही, चाकू सापडला ना मग झालं. मॅडमनी कुणालाच चूक म्हटलं नाही. एवढंच विचारलं, ‘पोलीस छपरापाशी गेले तेव्हा त्यांना नवीन काय कळलं?’ वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘चाकू तिथे आहे, आणि तो तिथे आहे हे याला माहीत होतं.’ ‘पांडूला भोसकल्याचं छपरात सापडलं का?’ नाही. मग ते शब्द खोडा.

त्यानंतर कुठे १९४७ च्या पुलुकुरी कोटय्या खटल्याचं नाव फळ्यावर आलं. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाने, हाच फरक सांगितला होता, अगदी घरातल्या चाकूचंच उदाहरण घेऊन. पण तोवर मुलांना तो फरक स्वतःच सापडला होता, निवाड्याने त्यावर शिक्का मारला इतकंच. उरलेल्या वेळात मॅडम आणखी खोलात गेल्या. चाकू उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा पडलेला असता तर? पंच उलटतपासात म्हणाला की ‘मी सही पोलीस स्टेशनातच केली, घर पाहिलंच नाही’, तर? पंच फितूर झाला तर नुसत्या तपासी अंमलदाराच्या जबाबावर निभावेल का? तास संपला तरी शेवटच्या प्रश्नावर मुलं भांडत होती.

तुमच्या समितीने एखाद्या तासाला न सांगता मागे जाऊन बसावं ते याच्यासाठी. शिक्षक काय बोलतात याकडे फार लक्ष देऊ नका. मुलं प्रश्न विचारतात का, आणि त्यांचे प्रश्न तासाच्या सुरुवातीपेक्षा शेवटी जास्त टोकदार झालेत का, ते बघा. मात्र त्या मॅडमना फॉर्मवर किती मतं पडतील याची मला धाकधूकच आहे. ‘नोट्स देत नाहीत’ अशी त्यांच्याबद्दल तक्रार दर वर्षी होते.

निवाडा शिकवण्याचंही तसंच. ‘फॅक्ट्स, इश्यूज, जजमेंट’ अशा तीन ओळी फळ्यावर लिहिल्या की निवाडा झाला असं समजणारे भरपूर आहेत. मथुरा खटला घ्या, आपल्याच राज्यातला. मार्च १९७२, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस स्टेशन, मथुरा नावाची एक आदिवासी मुलगी आणि तिच्यावरच्या बलात्काराच्या खटल्यातले आरोपी दोन पोलीस. सेशन्स कोर्टाने १९७४ मध्ये दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने ते फिरवून एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष सोडलं. पुरावा तिन्ही ठिकाणी तोच. मग निकाल दोनदा का फिरला? जो शिक्षक मुलांना या ‘का’पर्यंत नेतो, अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती ही उडी नेमकी कोणत्या ओळीत मारली गेली ते बोट ठेवून दाखवायला लावतो, तो निवाडा वाचायला शिकवतोय.

आणि अशा वाचनाने काय होऊ शकतं ते याच खटल्यात दिसलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. चौघेही कायद्याचे शिक्षक. (यातल्या केळकरांचं फौजदारी प्रक्रियेवरचं पुस्तक तुम्ही वापरत असालच.) दबून जाणं आणि संमती देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या पत्राचा गाभा. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं, १९८३ मध्ये कायदा बदलला आणि पुरावा कायद्यात ११४-अ हे नवीन कलम आलं. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी घडलेल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं पीडितेने सांगितलं, तर कोर्ट तसंच गृहीत धरेल, असं ते कलम. सगळ्या शिक्षकांकडून अशा पत्राची अपेक्षा कुणी करणार नाही. पण निवाडा इतका बारकाईने वाचण्याची सवय ते स्वतः तरी ठेवतात का, हे विचारायला हरकत नाही.

सध्या आणखी एक सोपी परीक्षा हाताशी आहे. १ जुलै २०२४ पासून तिन्ही मोठे फौजदारी कायदे बदलले. खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं वगैरे तक्ता फळ्यावर लावणं हे एका तासाचं काम, ते कुणीही करतं. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागते, त्यामुळे आज पास होणाऱ्या मुलाला पुढची कित्येक वर्षं दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवावी लागणार आहेत, हे किती जणांनी उदाहरणं देऊन शिकवलं? आणि किती जण अजून जुन्याच वहीतून नंबर खोडून शिकवतायत? तुम्ही वर्गात बसता, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

माहिती कुठून काढायची? सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे बाहेर पडून तीन-चार वर्षं झालेले माजी विद्यार्थी. त्यांना ‘आवडते सर कोण’ असं विचारू नका. ‘कुणाचं शिकवलेलं आजही कामाला येतं’ असं विचारा. नावं बदलतात बघा. जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) झालेले, कंपनीत गेलेले, तालुक्याला प्रॅक्टिस करणारे, असे सगळ्या तऱ्हेचे गाठा. नुसते हायकोर्टातले गाठाल तर चित्र अर्धवट येईल.

तपासलेले पेपरही मागवा. समासात फक्त टिकमार्क आणि शेवटी आकडा असेल तर समजा की पेपर मोजला, वाचला नाही. ‘हे बरोबर, पण अपवाद विसरलास’ एवढी एक ओळ जरी लाल पेनने लिहिलेली दिसली तरी त्या माणसाने रात्र घातली आहे. इंटर्नलच्या प्रश्नपत्रिकाही चाळा. ‘टीपा लिहा’ सोडून एखादी गोष्ट रचून तिच्यावर मत मागितलंय का? आणि कॉलेजच्या ग्रंथपालांशी बोला. कुणाच्या तासानंतर मुलं एआयआरचे (निवाड्यांच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे) खंड मागायला येतात हे त्यांना तोंडपाठ असतं, त्यांना कुणी विचारत नाही इतकंच.

मूटच्या (लुटुपुटीच्या कोर्टातल्या युक्तिवाद स्पर्धेच्या) करंडकांबद्दल मात्र जरा सांभाळून. कॉलेजला करंडक मिळाला की प्राचार्यांच्या केबिनमध्ये फोटो लागतो आणि त्या टीमच्या मार्गदर्शकांचं नाव पुरस्कारासाठी आपोआप पुढे येतं. त्यांची मेहनत खोटी नाही. पण टीम तिघांची असते आणि तुकडी साठची. उरलेल्या सत्तावन्न जणांचं काय झालं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या सत्तावन्नांत मराठीतून शिकून आलेली, इंग्रजी निवाड्याचं पहिलं पान उघडताच धास्तावणारी मुलं असतात. त्यांच्याशी आधी मराठीत मुद्दा बोलून घेऊन मग त्यांना इंग्रजी परिच्छेदात उतरवणारा शिक्षक माझ्या लेखी करंडकवाल्याच्या वर. आपल्या खालच्या कोर्टात साक्ष मराठीत होते आणि हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं. मुलांना या दोन्ही काठांवर पाय ठेवता यायला हवा.

नियमावली करताना एका गोष्टीसाठी भांडा : तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि व्हिजिटिंगला येणारे वकील यांना पात्रतेतून वगळू देऊ नका. ‘पुरस्कार फक्त पूर्णवेळ मान्यताप्राप्त अध्यापकांसाठी’ अशी ओळ कुणीतरी हळूच घालतं. आपल्याकडची लॉ कॉलेजं कोर्ट भरण्याआधी येऊन शिकवणाऱ्या वकिलांच्या जिवावर वाढली आहेत. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये प्राचार्य झाले, त्याच्या आधी ते तिथे अर्धवेळ शिकवत होते. (हो, यात माझाही स्वार्थ आहे. पण मी तुमच्या कॉलेजात नाही, तेव्हा चालून जावं.) उलट बाजूने, कोर्टात नाव मोठं आहे म्हणून वर्गातही चांगले असतील असंही धरू नका. तारीख लागली म्हणून तास बुडवणारे नामांकित वकील मी पुष्कळ पाहिलेत, आणि ‘आज आमच्या कोर्टात काय झालं’ यातच पाऊण तास घालवणारेही.

मतदानाला माझा सरसकट विरोध नाही. हार्वर्ड लॉ स्कूलमध्येसुद्धा पदवी घेऊन बाहेर पडणारी तुकडी मतदानाने एका शिक्षकाला सॅक्स-फ्रॉइंड पुरस्कार देते. त्यात मला पटतं ते ‘बाहेर पडणारी’ हे. ज्यांचे इंटर्नलचे मार्क अजून त्याच शिक्षकांच्या हातात आहेत त्यांचं मत घेऊन काय करणार? तेव्हा फॉर्म फिरवायचाच असेल तर शेवटच्या वर्षाच्या मुलांना द्या, तोही निकाल हातात पडल्यावर, नावाशिवाय, आणि त्यात ताऱ्यांऐवजी एकच प्रश्न ठेवा : ‘या शिक्षकांकडून शिकलेली, स्वतः करता येते अशी एक गोष्ट लिहा.’ ज्यांच्या नावापुढचे रकाने रिकामे राहतील त्यांची मतं मोजायची गरज पडणार नाही. भरलेले फॉर्म, माजी विद्यार्थ्यांची उत्तरं आणि तासाला बसून काढलेली टिपणं एकत्र ठेवून समितीने निर्णय घ्यावा, आणि तो का घेतला याची अर्ध्या पानाची कारणं नोटीस बोर्डावर लावावीत. लॉ कॉलेजचा निर्णय आहे, कारणं न देता कसा चालेल?