वाचकांचे प्रश्न : ॲम्ब्युलन्सवरची उजळणी

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यात ॲम्ब्युलन्सवर ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) आहे. दोन दिवसांची उजळणी झाली, पण बहुतेक वेळ स्लाइड बघण्यात गेला. हातानं सराव नेमका कशाचा करावा?

उत्तर : सगळ्यात आधी अँबू बॅगचा, म्हणजे मास्क लावून हातानं दाबत श्वास द्यायच्या पिशवीचा. हृदय बंद पडलं तर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल दाबायची आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, हे बहुतेकांना पाठ असतं. बॅग मात्र अनेकांच्या हातात बिघडते. मास्क गळतो म्हणून तो चेहऱ्यावर दाबला जातो, त्यानं जबडा मागे सरकतो, जीभ घशावर पडते आणि हवा आत जातच नाही. अंगठा आणि तर्जनीनं मास्क धरा आणि उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर, मास्ककडे ओढा. बोटं हाडावरच हवीत, हनुवटीखालचा मऊ भाग दाबू नका. दोघं असाल तर एकानं दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्यानं बॅग दाबावी.

मोठ्यांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते आणि लागते ५०० ते ६०० मिली. म्हणून बॅग पूर्ण पिळू नका. एका सेकंदात, छाती हलकेच उचलली जाईल इतकीच दाबा. नाडी लागत असेल पण श्वास नसेल, तर दर ६ सेकंदांनी एक श्वास. घाईत हात भराभर चालतो, पोटात हवा भरते, उलटी होते आणि ती फुफ्फुसात उतरते. म्हणून मोठ्यानं मोजत सरावाच्या पुतळ्यावर सलग दहा मिनिटं बॅग द्या आणि जोडीदाराला घड्याळ धरायला सांगा.

प्रश्न : पावसाळ्यात शेतात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, अंगावर चावल्याची खूण दिसत नाही. मण्यार साप चावला असं समजावं का?

उत्तर : हो, तसंच समजून निघा. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते. सूज आणि वेदना नसल्यातच जमा असतात, म्हणून असा रुग्ण पोटदुखीचा समजून गोळी देऊन घरी ठेवला जातो. तीन गोष्टी तपासा. वर बघायला सांगितल्यावर पापण्या अर्ध्यावर राहतात का? उशीवरून मान उचलता येते का? एका श्वासात किती आकडे म्हणता येतात? हे दर दहा मिनिटांनी बघून वेळेसह कागदावर लिहा. आधी वीसपर्यंत मोजणारा माणूस बारावर थांबू लागला, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. बॅग तेव्हाच हाताशी घ्या.

चावा हातापायाला असेल तर तो फळीनं स्थिर ठेवा, अंगठ्या-जोडवी काढा, चिरू नका, चोखू नका. गावातून दोरी आवळून आणलेला रुग्ण असेल तर ती वाटेत झटक्यात सोडू नका. अडकलेलं विष एकदम पसरून श्वास बंद पडू शकतो. ती दवाखान्यात, डॉक्टरांसमोर सुटावी.

आणखी एक, कारण इथे जीव जातो. मण्यारीच्या विषानं पूर्ण लुळा पडलेला माणूस मेलेला वाटतो. बाहुल्याही विस्फारून स्थिर झालेल्या असू शकतात, आणि तरीही तो आतून सगळं ऐकत असू शकतो. बॅग थांबवू नका, त्याच्याशी बोलत राहा. प्रतिविष लवकर मिळायलाच हवं, पण आलेला लुळेपणा त्यानं लगेच उतरत नाही. तोवर माणूस श्वासावर तगतो.

प्रश्न : फवारणीचं औषध प्यालेल्या रुग्णाची नाडी ॲट्रोपिननं (या विषावरच्या उताऱ्यानं) वाढली, तर पुढचा डोस थांबवावा का?

उत्तर : मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉससारख्या औषधात नाडी वाढली एवढ्यावरून थांबायचं नाही. बाहुल्यांवरूनही ठरवू नका, त्या उशिरा मोठ्या होतात. छातीला स्टेथोस्कोप लावा. घरघर आहे तोवर फुफ्फुसात पाणी आहे, म्हणजे ॲट्रोपिन थांबवायचं नाही. डॉक्टरांच्या सूचनेनं पहिला डोस साधारण १.८ ते ३ मिग्रॅ. ०.६ मिग्रॅच्या ॲम्प्युल असतील तर ३ ते ५. फरक पडला नाही तर दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट होतो. म्हणून सिरिंज आधी भरून ठेवा. सक्शन (तोंडातला स्राव ओढून घेणारं यंत्र) चालू ठेवा, रुग्णाला डाव्या कुशीवर घ्या, उलटी करवू नका. कपडे काढून अंग साबण-पाण्यानं धुवा, हातमोजे घालून.

बाटली बरोबर घ्याच. लेबलवर लाल त्रिकोण असेल तर औषध अतिविषारी आहे. तणनाशक पॅराक्वाट निघालं तर सवयीनं ऑक्सिजन लावू नका. त्यात जादा ऑक्सिजन फुफ्फुस आणखी जाळतो. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण खरोखर घसरलं तरच द्या.

प्रश्न : किनवटकडून नांदेडला येताना ऑक्सिजनचा सिलिंडर पुरेल का, हे कसं ओळखावं?

उत्तर : गेजवर दाब जितके बार दिसतो त्यातून १५ राखीव वजा करा, सिलिंडरच्या पाण्याच्या क्षमतेनं (त्यात किती लिटर पाणी मावेल त्यानं) गुणा, लिटर-प्रति-मिनिट प्रवाहानं भागा. १० लिटरच्या बी-टाइप सिलिंडरवर ६० बार दिसत असतील तर ४५ गुणिले १०, म्हणजे ४५० लिटर. मास्कला मिनिटाला १५ लिटर लावले तर जेमतेम ३० मिनिटं. हा हिशेब ड्यूटी घेतानाच करा. चावी आणि जादा वॉशर सिलिंडरलाच बांधून ठेवा.