हलका बाण की जड?

प्रश्न : पुतण्या अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जातो. धनुष्य ६० पौंडी (दोरी ओढायला एवढा जोर लागतो), कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं). वेगवान हलका बाण घेऊ की आत घुसणारा जड, असं विचारतोय. – एक वाचक, खानापूर

उत्तर : पाव्हणं, मधल्या वजनाचा, २७ ते ३० ग्रॅमचा घे म्हणावं. हलका बाण सपाट जातो, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी खपतं. पण बरगडीला लागला की दम संपला. जड बाण धनुष्याची ताकद जास्त उचलतो, आवाजही कमी. १९ ग्रॅमच्या खाली नकोच, धनुष्य मोडायचं. कांडीचा (बाणाच्या दांड्याचा) ताठपणा ६० पौंडाला जुळायला हवा, नाहीतर बाण वळवळतच घुसतो आणि निम्मा जोर तिथंच वाया. पातं वस्तऱ्यासारखं पाहिजे. बोथट असेल तर वजन घेऊन काय करायचंय? आणि सुट्टीला आला तर भीमगडच्या रानात धनुष्य नेऊ नको म्हणावं. इथं १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे.