'पोर्ट' या एकाच इंग्रजी शब्दाचे इतके वेगवेगळे अर्थ कसे झाले?

तुमच्या प्रश्नात चार पोर्ट आहेत: बंदर, बोटीची डावी बाजू, लॅपटॉपचं यूएसबी पोर्ट आणि मोबाइल नंबर पोर्ट करणं. मुलगा मर्चंट नेव्हीच्या प्रवेशाची तयारी करतोय, हे सगळे अर्थ एकाच शब्दाचे कसे असं त्याने विचारलं आणि हे लक्षात कसं ठेवायचं तेही त्याला हवंय, असं तुम्ही लिहिलंय. मी दापोली तालुक्यात शाळेत इंग्रजी शिकवतो. वर्गात हर्णे बंदराकडची बरीच मुलं असतात, त्यामुळे हा शब्द आमच्याकडे नेहमीच निघतो.

थेट उत्तर असं की लॅटिनमध्ये हे तीन शब्द होते. 'पोर्टुस' म्हणजे बंदर, 'पोर्टा' म्हणजे दरवाजा किंवा वेस, आणि 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणं. शेवटचे स्वर वेगळे होते म्हणून गोंधळ नव्हता. पोर्तुगीज भाषेत आजही 'पोर्तु' म्हणजे बंदर आणि 'पोर्ता' म्हणजे दार, कोणाची गल्लत होत नाही. हे शब्द इंग्रजीत आले, काही थेट लॅटिनमधून, काही फ्रेंचमार्गे, आणि तिथे त्यांचे शेवट झडले. उरलं ते नुसतं 'पोर्ट'. म्हणजे एका शब्दाला चार अर्थ फुटले असं झालं नाही, तीन शब्द झिजून एकसारखे दिसू लागले.

पण ते तिन्ही मुळात परकेही नाहीत. त्यांच्या मागे एक फार जुना धातू आहे, 'पलीकडे जाणं, ओलांडणं' या अर्थाचा. आपल्या संस्कृतमधला 'पार' त्याच धातूचा. खाडी पार करतो त्यातला पार. बंदर म्हणजे समुद्रातून आत शिरायची वाट, दरवाजा म्हणजे भिंतीतून आत शिरायची वाट, आणि वाहून नेणं म्हणजे वस्तू इथून तिथे पार करणं. ग्रीकमध्ये याच धातूपासून 'पोरोस' झाला, म्हणजे मार्ग. त्वचेवरच्या छिद्रांना इंग्रजीत 'पोअर' म्हणतात तो त्याचाच वंशज. व्यापारी पेठेला ग्रीक 'एम्पोरिऑन' म्हणत, तोही इथलाच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कोकणातल्या पेठांची यादी आहे. त्यातलं 'सेमिल्ला' म्हणजे आपलं रायगड जिल्ह्यातलं चौल, असं अभ्यासक मानतात.

दाभोळहून धोपाव्याला वासिष्ठीची खाडी ओलांडून जी फेरीबोट जाते, तिच्यातली इंग्रजी 'फेरी'सुद्धा याच धातूची. आपल्याला वाटतं की ती फेऱ्या मारते म्हणून फेरीबोट. आपली 'फेरी' मात्र फिरण्यातली, तिचा हिच्याशी संबंध नाही. मुलांना हे सांगितलं की त्यांचा आधी विश्वासच बसत नाही, आणि मग ती स्वतःहून असे शब्द शोधायला लागतात.

आता तुमचे चार पोर्ट एकेक करून घेऊ.

बंदराचा पोर्ट सरळ 'पोर्टुस'चा. पोर्तुगाल देशाचं नावही त्यातूनच आलं. दोरू नदीच्या मुखाशी 'पोर्टुस काले' नावाचं ठिकाण होतं, त्याचं पोर्तुगाल झालं. तिथलं शहर आज नुसतं 'पोर्तु', म्हणजे बंदर. दोरूच्या खोऱ्यातली वाइन तिथून जहाजात चढायची, म्हणून इंग्रजांनी तिला पोर्ट म्हटलं. ती आंबत असतानाच तिच्यात ब्रँडी घालतात. आंबणं थांबतं आणि द्राक्षाची साखर शिल्लक राहते, म्हणून ती गोड आणि कडक. गोव्यात पोर्ट म्हणून मिळणाऱ्या गोड लाल वाइनने नाव तिथून उचललंय. याच बंदरवाल्या देशाने चौल, कोर्लई, वसई इथे आपले किल्ले उभारले आणि आपल्याला चावी, साबण, पगार, घमेलं, लिलाव हे शब्द दिले. हर्णे बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, तेव्हा त्या गर्दीत आपण पोर्तुगीज शब्द उच्चारतोय हे कोणाच्या मनातही येत नाही.

डाव्या बाजूची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण मुलाला तीच लागणार आहे.

युरोपच्या उत्तरेकडच्या जुन्या होड्यांना मागच्या टोकाला मधोमध सुकाणू नसायचं. उजव्या बाजूला एक मोठं वल्हं बांधलेलं असे, त्याने नाव वळवत. वळवायची बाजू ती 'स्टेऑरबोर्ड', पुढे स्टारबोर्ड. त्यातल्या 'स्टार'चा ताऱ्याशी काही संबंध नाही, ते 'स्टिअर' आहे, म्हणजे वळवणं. उजवीकडे वल्हं असलं की ती बाजू धक्क्याला टेकवता येत नाही, मोडायची भीती. म्हणून डावी बाजू धक्क्याला लावत आणि तिथूनच माल चढवत. त्या बाजूला आधी माल लादायची बाजू अशा अर्थाचं नाव होतं, पुढे स्टारबोर्डच्या नादाने ते 'लारबोर्ड' झालं. आणि बंदराकडे असलेली बाजू म्हणून तिलाच खलाशी 'पोर्ट'ही म्हणू लागले.

लारबोर्ड आणि स्टारबोर्ड. वादळात, शिडांच्या फडफडाटात, कोणी ओरडून हुकूम दिला तर काय ऐकू येईल विचार करा. नेमके उलट अर्थाचे दोन शब्द आणि दोन्हींचा शेवट एकच. १८४४ साली ब्रिटिश आरमाराने लारबोर्ड बंद करून पोर्ट हाच शब्द वापरायचा हुकूम काढला. १८४६ मध्ये अमेरिकन आरमारानेही तेच केलं. भाषा सहसा कोणाच्या हुकमाने बदलत नाही. इथे बदलली, कारण लोकांचे जीव त्यावर अवलंबून होते. मला या शब्दाच्या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यातही एक गुंता होता. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते, हे होडी हाकणाऱ्या कोणालाही माहीत असतं. जुने हुकूम दांड्याला उद्देशून असत, नावेला नव्हे. म्हणून १९१२ साली टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर 'हार्ड अ स्टारबोर्ड' असा हुकूम झाला आणि जहाज वळलं डावीकडे. चाक फिरवणाऱ्याची चूक नव्हती, तेव्हाची पद्धतच ती. पुढे हुकूम जहाज जिकडे वळवायचं त्या बाजूने द्यायची रीत सगळीकडे आली. मुलगा जुनी वर्णनं वाचत असेल तर त्याला हे आधीच सांगून ठेवा.

यूएसबी पोर्ट हा दरवाजावाला, 'पोर्टा'चा. मधला टप्पा जहाजातूनच गेलाय. लढाऊ जहाजांच्या बाजूला तोफांसाठी झडपा असलेली भोकं ठेवत, त्यांना गनपोर्ट म्हणत. १६२८ साली स्वीडनचं 'वासा' हे जहाज पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात कललं, खालच्या गनपोर्टांतून पाणी शिरलं आणि ते बुडालं. जहाजाच्या गोल खिडकीला पोर्टहोल म्हणतात तो याच घरचा. नंतर इंजिनात वाफ किंवा हवा आत-बाहेर जाण्याच्या भोकांना पोर्ट म्हणू लागले. होडीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं काम करणाऱ्या मेकॅनिकला इनलेट आणि एक्झॉस्ट पोर्ट ठाऊक असतात. तिथून तो शब्द संगणकात गेला, माहिती आत-बाहेर करायचं दार म्हणून. इंटरनेटवर क्रमांकाचे पोर्ट असतात, उदाहरणार्थ सुरक्षित वेबसाइटसाठी ४४३, त्यांना हात लावता येत नाही पण कल्पना दाराचीच.

नंबर पोर्ट करणं हे तिसऱ्या घरचं, 'पोर्टारे'चं. नंबर उचलून दुसऱ्या कंपनीत नेणं. भारतभर ही सोय जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली, १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' असा मेसेज पाठवायचा. रेल्वेचा पोर्टर, ट्रान्सपोर्ट, आंब्याचा एक्सपोर्ट, बातमी परत आणून देणारा रिपोर्ट हे सगळे यातलेच. पासपोर्ट तेवढा यात घालू नका, तो फ्रेंचमधून आलेला बंदरवाला आहे: बंदर ओलांडायची परवानगी. आपल्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे जहाजांना दस्तक म्हणजे परवाना देत, ते मी वर्गात याच्या शेजारी ठेवून शिकवतो.

माझा सर्वांत आवडता मात्र 'ऑपर्च्युनिटी'. लॅटिनमध्ये बंदराच्या दिशेने नेणाऱ्या अनुकूल वाऱ्यावरून तो शब्द झाला. शिडाच्या होड्यांच्या काळात परतीचा वारा मिळणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या समुद्र आहे त्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

एका गोष्टीपासून मुलाला सावध करा. 'पॉश' हा शब्द 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची आद्याक्षरं आहे, भारतात येताना श्रीमंत साहेब सावलीतल्या केबिन घेत म्हणून तो पडला, असं इंटरनेटवर ठासून सांगतात. याला पुरावा नाही; तशी छापलेली तिकिटंही कधी सापडलेली नाहीत. गोष्ट कितीही छान असली तरी परीक्षेत लिहू नये.

लक्षात ठेवायचं असं: इंग्रजीत 'लेफ्ट' आणि 'पोर्ट' दोन्हींची अक्षरं चार. पोर्ट वाइन लाल, म्हणून डावीकडचा दिवा लाल, उजवीकडचा हिरवा. जहाजांची टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हेच आहे. रात्री समोर फक्त लाल दिवा दिसला तर त्या बोटीची डावी बाजू आपल्याकडे आहे, ती आपल्या उजवीकडून डावीकडे चाललीय. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ती सरळ आपल्यावर येतेय, तेव्हा इंजिनवर चालणाऱ्या दोन्ही बोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचं आणि एकमेकींना पोर्ट बाजूने ओलांडायचं. त्याला कागदावर दोन होड्या काढून हे एकदा स्वतः जुळवायला लावा. तोंडी परीक्षेत हा प्रश्न फिरवून विचारला तरी मग तो अडणार नाही.