पर्थहून सिडनी: बहिणीकडे शनिवार-रविवार जाऊन येणं जमेल का?

तुमचा प्रश्न असा: नोकरी पर्थला मिळतेय, बहीण सिडनीत आहे, देश तर एकच. मग महिन्यातून एखादा शनिवार-रविवार तिच्याकडे काढता येईल का, आणि गाडीने किती वेळ लागेल?

मी आठ वर्षं पर्थमध्ये आहे आणि माझी मामेबहीण सिडनीत. त्यामुळे हा हिशेब पदरचे पैसे घालून शिकलोय.

विमानाचं अंतर सुमारे ३,३०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट. पर्थहून जकार्तासुद्धा सिडनीपेक्षा जवळ पडतं! जायला चार तास आणि यायला पाच. वर पश्चिमेचा जोरदार वारा असतो; जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. त्यात घड्याळाची भानगड. सिडनी दोन तास पुढे, आणि ऑक्टोबर ते एप्रिल तीन तास, कारण तिकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात. आमच्या राज्याने २००९ च्या सार्वमतात त्याला नकार दिला.

शुक्रवारी मध्यरात्री निघालात तर सिडनीत सकाळचे सहा-सात वाजतात. झोपेचं खोबरं झालेलं असतं. बहीण चहा टाकते आणि चहा येईपर्यंत तुम्ही सोफ्यावर घोरत असता. रविवारी संध्याकाळी सहाला निघालात तर पर्थच्या घड्याळात आठ-नऊलाच उतरता, पण अंगात अकरा वाजलेले असतात. सोमवारी ऑफिस आहेच. मी हे वर्षातून दोनदा करतो. दर महिन्याला करणारा अजून भेटलेला नाही.

गाडीचं तर डोक्यातूनच काढा. रस्त्याने ३,९०० किलोमीटरच्या आसपास, चार-पाच दिवस. वाटेत नलारबोरच्या भागात जवळजवळ १४७ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो, आणि अंधार पडला की कांगारू आडवे येतात. इंडियन पॅसिफिक नावाची रेल्वे आहे, ४,३५२ किलोमीटर, तीन रात्री. पण ती हौसेने फिरणाऱ्यांची, नोकरदाराच्या सुट्टीत आणि खिशात न बसणारी.

उलट मुंबई पर्थहून ७,३०० किलोमीटर, सिडनीहून दहा हजारांच्या वर. भारताशी फरक अडीच तासांचाच. मी साडेपाचला ऑफिसातून सुटतो तेव्हा तिकडे तीन वाजलेले असतात; आई वामकुक्षी आटोपून फोनची वाट बघत असते. सिडनीकरांना हे साडेचार-साडेपाच तासांचं अंतर सांभाळावं लागतं. आईवडील पुण्या-मुंबईकडे असतील तर पर्थ जरूर घ्या. बहिणीच्या भरवशावर मात्र घेऊ नका.

आणि गेलातच तिच्याकडे, तर येताना फळं, भाजी, मध बरोबर आणू नका. देशांतर्गत विमान असलं तरी आमच्या राज्यात त्यावर कडक निर्बंध आहेत. मामेबहिणीने परसातली दोन किलो लिंबं प्रेमाने दिली होती, ती पर्थ विमानतळावरच्या डब्यात माझ्या हाताने टाकावी लागली. पुरणपोळ्या मात्र सुखरूप घरी आल्या.