मधोमध टाचणी का टिकत नाही?

प्रश्न : मुलाच्या पट्टीचुंबकाच्या दोन्ही टोकांना टाचण्यांचे झुपके लटकतात, मधोमध मात्र एकही टिकत नाही. तिथे चुंबकत्व नसतंच का? आणि जुन्या स्पीकरमधून निघालेल्या गोल चुंबकाला टोकंच नाहीत. त्याचे ध्रुव कुठे शोधायचे? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, नववीच्या वर्गात माझ्याच हातून एकदा पट्टीचुंबक फरशीवर पडला आणि बरोब्बर मधून तुटला. मुलं खूश! एक तुकडा उत्तर, एक दक्षिण, वाटणी झाली म्हणे. तुकडे लोहकिसात बुडवले, तर तोपर्यंत कोरी राहिलेली ती मधली जागाही झुपकेदार झालेली. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन ध्रुव.

पाणी चालू असलेल्या नळीसारखं समजा. मधे हात लावला तर बाहेरून कोरडी, पण आत भरलेली. चुंबकाच्या बलरेषा पट्टीच्या आत मधोमध सर्वांत दाट असतात. लांब पट्टीच्या टोकाशी पोचेपर्यंत क्षेत्र जवळपास निम्म्यावर येतं. पण टाचणी ओढली जाते ती रेषा जिथे बाहेर पडतात तिथे, म्हणजे टोकांशी, त्यातही कडा-कोपऱ्यांवर जास्त. हे न तोडताही बघता येतं. दोन सारख्या पट्ट्यांच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना थोड्या टाचण्या लावा आणि ती टोकं एकमेकांना भिडवा. सांध्यावरच्या बहुतेक टाचण्या गळून पडतात.

ध्रुव अगदी टोकावर नसतो, किंचित आत असतो. प्रयोगवहीत आम्ही दोन ध्रुवांमधलं अंतर लांबीच्या पाच-षष्ठांश धरायचो, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या पट्टीत साडेबारा. तोंडी परीक्षेत हमखास विचारायचे आणि मुलं हमखास चुकायची.

स्पीकरच्या काळ्या कड्याचे ध्रुव त्याच्या दोन सपाट बाजूंवर असतात. पट्टी फार बुटकी नि जाडी झाली, एवढंच. कड्याच्या भोकातून दोरा ओवून ते उभं टांगा, लोखंडी कपाटापासून लांब. हेलकावे थांबले की उत्तरेकडे तोंड केलेली बाजू तिचा उत्तर ध्रुव. तिच्यावर लगेच खडूने खूण करा, नाहीतर दोऱ्यातून काढताना कडं हातात उलटतं आणि सगळं पहिल्यापासून.